खिडकीतली माशी

ता. ४ मार्च
सुनेला माझं काही पटतच नाही. ह्यांच्या खिडकीत माशी आली, तर म्हणते कुंभारीण, मातीची घरं बांधणारी माशी. कुंभारणीची कंबर दोऱ्यासारखी, तोंडात चिखल. हिच्याजवळ चिखलाचा कण नाही. अंग निळंकाळं, पंख गंजल्या पत्र्याच्या रंगाचे, डोक्यावरच्या मिशा टोकाशी वळलेल्या. मागचे पाय लांब, काटेरी. क्षणभर स्वस्थ नाही — चालते नि पंख झटकते.
"आई, चष्मा बदला." म्हणे चष्मा बदला. नाक खिडकीला लावून बघितलंय मी.

ता. ५
मुलगा संस्थेची चौकशी करून आला. अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवतात तिथे. झटका आल्यापासून ह्यांना काही कळत नाही असं डॉक्टर म्हणतात, मग कुठे ठेवलं तरी सारखंच. बोलणं सगळं ह्यांच्या खाटेपाशी उभं राहून. खोली मोकळी झाली की सुनेचं शिलाई मशीन इथे येणार. मापही घेतलं तिने — टेप ह्यांच्या पायांवरून ओढत.

ता. ७
माशीने कोळी धरला. तिच्याहून मोठा. उलटी चालत ओढत होती त्याला, खिडकीबाहेरच्या कुंडीतल्या बिळाकडे. सुनेने मोबाईलमध्ये बघितलं, कुंभारीण नाही हे कबूल केलं. एवढं तरी. कोळ्यांवर जगणारी गांधीलमाशी आहे. नांगी मारते पण जीव घेत नाही, नुसतं हलणं बंद करते. मग अंगावर अंडं घालून बीळ बुजवते.
"म्हणजे त्याला कळत असतं?"
"तेवढं नाही लिहिलेलं, आई."
खराट्याच्या काडीने कोळ्याला शिवले. एका पायाचं टोक हललं. काडी टाकून आत आले.

ता. ८
मी आज जेवले नाही.

ता. ९
दुपारी घरात कोणी नव्हतं. ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, अहो, ऐकू येत असेल तर डोळे मिटा.
मिटले.
हे तर कोणीही मिटतं. म्हटलं, आता तीनदा.
तीनदा मिटले.
"मशीनचं ऐकलंत?"
मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. कानशिलावरून पाणी उशीत गेलं. पदराने पुसलं.

ता. १०
मुलाला सांगितलं — संस्थेला फोन करायच्या आधी खाटेपाशी बस. बापाच्या डोळ्यांत बघून विचार, "बाबा, जाता का तिथे?" डोळे मिटले तर हो. उत्तर ते देतील. हो म्हणाले तरी मध्ये कोणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.