चार मिशांची खडस

रविवार, ५ फेब्रुवारी २००६. माण.

आज मुळशी धरणाच्या काठावरून आयुष्यातला पहिला मासा धरला. तीन रविवार कोरडे गेले, आज कणकेच्या गोळीला एकदाचा लागला. वीतभरच, पण ओढ मात्र दांडगी. ऑफिसात छापून घेतलेला माशांचा तक्ता काढला आणि मोठ्यानं म्हणालो, "रोहू!" ऐकायला कुणी नव्हतं, तरी.

होतं. शेजारी जाळं धुणाऱ्या मावशी हसल्या. "रोहू न्हाई रं. खवलं बघ केवढाली. आन् मिशा मोज."

मोजल्या. चार.

"खडस हाय ही. लई चवीची. घरी किती मान्सं?"

चार, म्हणालो. का म्हणालो? मिशा मोजून तोच आकडा तोंडात होता, एवढंच? एकटाच राहतो म्हणायला काय झालं होतं?

"मग एवढ्याशात कसं भागंल?" म्हणत त्यांनी पाटीतल्या दोन चिलापी माझ्या पिशवीत टाकल्या. "पोरांना काटं काढून दे." मी नको म्हणालो नाही.

चिलापी घरमालकिणीला दिल्या. खडस तव्यावर भाजून उभ्यानंच खाल्ली. काटे खरंच फार. मिशा तेवढ्या ताटाच्या कडेला राहिल्या, चार.

मावशी दर रविवारी तिथंच असतात. पोरांना आवडली का, विचारतीलच. आवडली म्हणेन. पण नावं विचारली तर?

थोरल्याचं सुचलंय. धाकटीचं अडलंय.