बागेतल्या बाकाचा पुरावा

शनिवार, सकाळचे साडेनऊ

ती. वन्संना सविनय नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा खरोखर लावता, की कपाटात ठेवून फोनवर "लावते हो" म्हणता? आमच्याकडे तब्येती बऱ्या आहेत, म्हणजे डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही. पण तुमचे बंधुराज गेले तीन शनिवार बागेत गेलेले नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी (त्यांना फोनवर बोलायचा कंटाळा नाही) ते माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला माहीतच आहे, निवृत्त झाल्यापासून ते दर शनिवारी सकाळी जुन्या बागेत पाहुण्यांना फिरवतात. पगार नाही, एक हिरवी टोपी आणि छातीवर बिल्ला. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर असल्यामुळे माणसं हाकायची सवय हाडीमासी खिळलेली. कारंज्यापाशीसुद्धा "पुढे सरका, दारात उभे राहू नका" असं म्हणतात (कारंज्याला दार नाही). दीड वर्ष मला म्हणत होते, एकदा ये ना ऐकायला. मी दर वेळी काहीतरी काढायची. आज गाद्या उन्हात टाकायच्यात, आज डोकं दुखतंय. खरं कारण तुम्हाला सांगायला हरकत नाही. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवला, आणि आमच्या घरात इतिहास कोणाला येतो हे ठरून गेलेलं होतं. बसचा नंबर विचारायचा असेल तर त्यांना, सनावळी विचारायची असेल तर मला. त्यात ढवळाढवळ झालेली मला खपत नव्हती. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे, पण लिहिते.

तर तीन आठवड्यांपूर्वी मी गेले. नुसती गेले असते तरी निभावलं असतं, पण आदल्या दिवशी वाचनालयात बसून बागेवरचं जाडजूड पुस्तक वाचलं आणि वहीत टाचणं काढून नेली. बारा पाहुणे होते. मी मागे उभी, वही पर्समध्ये. यांनी मला पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला. एखादा माणूस घरी पाहुणे आल्यावर जसा चांगली कपबशी काढतो ना, तसे ते बोलायला लागले.

पहिली तोफ. हे म्हणाले, ही तोफ कधी उडालीच नाही, कारण तोफखान्याच्या मुख्याला आवाज सोसत नसे. लोक हसले. मी मागून सांगितलं की तोफ तीन वेळा उडाल्याची नोंद आहे. हे म्हणाले, "बरं का मंडळी, तीन वेळा," आणि पुढे सरकले. मग सूर्यघड्याळ. हे म्हणाले, ते मुद्दाम दहा मिनिटं मागे बसवलंय, म्हणजे माणसांना बागेतून निघायला उशीर व्हावा. मी म्हटलं, सूर्यघड्याळ असं मागे ठेवता येत नाही. (वन्सं, येतं. तबकडी थोडी फिरवली की झालं. नंतर वाचलं.) या वेळी ते नुसते पुढे चालू लागले. एका पाहुणीने मात्र वळून माझ्याकडे पाहिलं. चष्मा लावलेली, सुट्टीवर आलेली नर्स होती. तिची नजर पाहून तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्ही लग्नाच्या वर्षीच ओळखलं होतंत.

मग तळ्याच्या दाराजवळचं बाक आलं. तिथे यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, या बाकावर एक तरुण तीन तास बसून होता, उसना कोट घालून, खिशात बोटीची दोन तिकिटं ठेवून. पुढे काही म्हणणार, तेवढ्यात मी वही काढली. सांगितलं की हे बाक ओतीव लोखंडाचं आहे, बारा वर्षांपूर्वी बसवलेलं आहे, तेव्हा कुठला तरुण आणि कुठला कोट. आणि बारा माणसांसमोर, वर्गात विचारावं तसं विचारलं, "याला पुरावा काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, वन्सं. चिडले असते तर मी भांडले असते आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. ते म्हणाले, "पुरावा नाही." मग टोपी माझ्या हातात दिली. "बाई, पुढचं तुम्ही सांगा." आणि त्याच बाकावर जाऊन बसले.

आणि मी टोपी घातली! तिथून पुढे जे झालं त्याला फजिती म्हणणंसुद्धा कौतुक होईल. काचघरापाशी मी बांधकामाचं साल सांगितलं, छपराची लांबी सांगितली, तक्ते किती ते सांगितलं. एकाने विचारलं, मुतारी कुठे आहे. मला माहीत नव्हतं. झुडपांच्या भूलभुलैयात मी पुढे झाले, कारण त्याचा नकाशा माझ्या वहीत होता. नकाशा मूळचा होता, झुडपं नंतर दोनदा बदललेली. पाऊण तास आम्ही तेरा जण आत. शेवटी रखवालदाराने स्टुलावर उभं राहून "डावीकडे, डावीकडे, बाई, तुमचं डावं" असं ओरडून आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर त्या नर्सने रखवालदारालाच विचारलं, त्या तरुणाचं पुढे काय झालं? त्याला तोंडपाठ होतं. दर शनिवारी ऐकतो म्हणे. लग्न ठरलेलं, पहिल्यांदाच दोघं एकटे भेटणार होते. हा तळ्याच्या दारापाशी बसला, ती रस्त्याकडच्या दारापाशी उभी. तीन तासांनी त्याला सुचलं की बागेला दुसरंही दार आहे. धावत गेला. ती लालबुंद होऊन उभी होती, आणि पहिलं वाक्य बोलली, "वेळ पाळायची सवय नाही का?" रखवालदार हसत म्हणाला, गोष्ट इथवर आली की साहेब म्हणतात, त्याने काही सांगितलं नाही, कारण ती रागावली तरी थांबली होती.

वन्सं, ते वेळ पाळायचं वाक्य माझं आहे. चौतीस वर्षं मी माहेरी, सासरी, शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगत आले की हा माणूस पहिल्याच भेटीला तीन तास उशिरा आला. तेव्हा त्यांनी "चुकलं" म्हटलं आणि मी विषय संपवला. बोटीच्या तिकिटांचं मला त्या दिवशी, रखवालदाराच्या तोंडून कळलं. धावत बाकापाशी गेले तर ते घरी निघून गेलेले.

मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "अगं, तुझं बरोबरच होतं, बाक नवंच आहे." टोपी दारामागच्या खुंटीला आहे. बागेच्या ऑफिसातून दोनदा फोन आला, यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. जेवताना लागेल तेवढं बोलतात. त्यांच्या थापांचा मला किती कंटाळा यायचा! आता घर इतकं खरं खरं झालंय की मला रडू येतं.

मुलांना आशीर्वाद. कंबरेला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. इतकं सगळं लिहायचं कारण, तुम्ही त्यांना दोन ओळी पाठवा. मोठ्या बहिणीचं ते ऐकतात. बागेत जा म्हणावं. माझ्यासाठी नव्हे, ती नर्स दोन शनिवार येऊन परत गेली.

ता. क. दुसरा. त्या पहिल्या भेटीच्या दिवशी तुम्हीच आम्हा दोघांना निरोप दिला होतात. त्यांना एक दार आणि मला दुसरं, असं का सांगितलंत, हे मी कधीही विचारणार नाही.

ता. क. तिसरा. पत्र पेटीत टाकायला हेच जाणार आहेत. बत्तीस वर्षं तिकिटं तपासलेला माणूस. हातात आलेला कागद न वाचता पुढे सोडणं त्यांना जमत नाही. म्हणून पाकीट मी चिकटवलेलं नाही. तुम्हाला ते चिकटवलेलं मिळालं, तर समजा की वाचून झालं आहे.