बरा झालेला मिथुन

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! मालाडहून बस, पुढे रिक्षा, आणि मढच्या टोकाला हा बंगला. आवारात नारळ, मागे समुद्र, आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. चेतना नाकाला ओढणी लावून उभी आणि मी एकदम खूश. तिला म्हटलं, अगं, नशा सोडवायला आणलंस की हनिमूनला? ती हसली नाही. पण रिक्षात माझा हात धरून बसली होती, ते पुष्कळ झालं.

हा बंगला आधी सिरियलच्या शूटिंगला भाड्याने जायचा. ते लोक जाताना अर्धा सेट तसाच टाकून गेलेत. हॉलमधला एक जिना वर चढतो आणि सरळ भिंतीला संपतो. एका भिंतीवर दरवाजा रंगवलाय, कडीसकट. मी ढकलायला गेलो. लवू म्हणून इथला एक जुना पेशंट आहे, आता स्वयंपाक बघतो, तो नुसता बघत उभा राहिला. एवढ्या विनोदावर माणूस हसतो ना राव.

रत्नप्रभा मॅडम इथल्या मुख्य. वेंगुर्ल्याच्या, पन्नाशीच्या, आवाज मऊ. म्हणाल्या, इथे कुणी मारत नाही, बांधून ठेवत नाही. दुपारी सुरमईचं कालवण होतं, झकास. ही वहीसुद्धा त्यांनीच दिली, वाटेल ते लिही म्हणाल्या.

चेतनाने निघताना साफ सांगितलं. या वेळी जमलं नाही तर ती अबोलीला घेऊन कायमची मनमाडला, आईकडे. पोरगी पाच वर्षांची आहे, मला विसरायला तिला किती वेळ लागणार? मी चेतनाला म्हटलं, घाटकोपरला परत येईन तो माणूस होऊनच येईन. या वेळी मी खरंच मनापासून आलोय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

टर्की लागलीय. झोप येते पण लागत नाही, तोंडाला चव नाही, आणि जो समोर येईल त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. एमडीची पावडर बंद झाली की असंच होतं, मला काही नवीन नाही.

सगळे उपाय करून झालेत माझे. हॉस्पिटलच्या गोळ्या घेतल्या. चांगल्या होत्या, मीच मध्येच सोडल्या. नशा सोडणाऱ्यांच्या मीटिंगांना गेलो. गोल करून बसायचं, आपलं आपण सांगायचं, चहा प्यायचा. माणसं लाखमोलाची, पण मीटिंग संध्याकाळी आणि आमच्या वाजवायच्या सुपाऱ्याही संध्याकाळी. मी बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. हळद, जयंती, गणपती, काहीही असो, पोरं नाचत असतील तोवर हात थांबवता येत नाही, आणि त्या हातांसाठीच तर पावडर सुरू झाली. मग शेजारणीच्या नादाने आईने एका बाबाचा काढा पाजला. जयभीमवाले आम्ही, आणि बाबाचा काढा! दोन दिवस संडासात गेले.

इथली तऱ्हा आणखी निराळी. नाश्ता झाला की एकेकाला आतल्या खोलीत नेतात. समोर एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची. तिच्यात बरा झालेला मिथुन बसलाय असं धरायचं आणि त्याला आपल्याकडचं चांगलं ते सांगून टाकायचं. काय येतं, कोण आवडतं, कुठे राहतो. मॅडम म्हणतात, चांगलं ते सगळं त्याच्याकडे गेलं की नशेला तुझ्यात खायला काही उरणार नाही. काय पण भंकस! पण चेतनाने पैसे भरलेत, म्हणून बसलो. हळदीचा ठेका कसा उचलायचा, कुठे सोडायचा, सगळं त्या खुर्चीला तोंडाने वाजवून दाखवलं. कुणी मध्ये बोललं नाही, एवढं बरं वाटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज डोक्याला शॉट लागलाय. जेवताना सहज ताटावर बोटं मारायला गेलो, हळदीचा ठेका. येईना. पहिला ठोका पडतो, पुढे काय ते आठवतच नाही. हा ठेका मी झोपेतही वाजवतो, चेतना वैतागून माझा हात धरून ठेवते. हात थरथरत नाहीत. हात ठणठणीत आहेत. त्यांना येत नाही.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, टर्कीत असं होतं, येईल परत. त्यांना काय ठाऊक ठेका म्हणजे काय!

रविवार, ९ नोव्हेंबर

रविवारी घरी फोन करू देतात, मॅडमच्या ऑफिसातून, त्या समोर बसलेल्या. चेतनाला ठेक्याचं सांगितलं. ती म्हणाली, तू घरी यायची कारणं शोधतोयस. मॅडमनी तिला आधीच पढवून ठेवलंय की पेशंट घरी यायला काहीही सांगतो, विश्वास ठेवू नका. सालं, खोटं बोललो तरी नाटक, खरं बोललो तरी नाटक. मी ओरडलो. ती म्हणाली, बघ, हेच. अबोलीशी बोलू दिलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

खरं लिहितो. सांगून झालं की हलकं वाटतं. झोपही लागायला लागलीय. म्हणून सांगत सुटलो. घरचा पत्ता, गल्ली, पाणी किती वाजता येतं, आईला चहा कसा लागतो. चेतना पहिल्यांदा कुठे दिसली, तिने काय घातलं होतं, मी काय बावळटासारखं बोललो.

उठताना सहज त्या खुर्चीवर हात टेकला. बसायची जागा गरम होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. तिथे ऊन येत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

चेतना फोनवर रडत होती, आनंदाने. म्हणाली, परवा किती छान बोललास रे. आपण पहिल्यांदा भेटलो ते सगळं काय आठवण काढलीस, हिरवा ड्रेससुद्धा! किती वर्षांनी तू असा बोललास.

मी फोन केलाच नाही. ऑफिसला कुलूप असतं. आणि कुठला हिरवा ड्रेस? मी डोकं खाजवत बसलो. आम्ही भेटलो कुठे, तेच आठवेना. तिला म्हटलं, तो मी नव्हतो गं, आईशप्पथ. मग ती म्हणाली, मिथुन, प्लीज, पुन्हा सुरू नको करूस. मॅडमनी अलगद माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि तिला सांगितलं की प्रगती उत्तम आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

खुर्चीसमोर बसणार नाही, मेलो तरी बसणार नाही, असं सांगितलं. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, तू नाही म्हणत नाहीयेस, आजार नाही म्हणतोय. जे काही बोलावं ते आजाराच्या खात्यात! भिंतीवर डोकं आपटलं तरी त्या म्हणतील, आजार आपटतोय. आणि सहकार्य नाही केलं तर मुक्काम वाढेल, घरच्यांची सही आहे.

ऑफिसच्या भिंतीवर बरे झालेल्यांचे फोटो आहेत. एका फोटोत लवू. इस्त्रीचा शर्ट, शेजारी बायको, दोन मुलगे, मागे मालवणातलं त्यांचं दुकान. खाली यंदाच्या गणपतीची तारीख. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. लवू डाळ ढवळत होता. यंदा गणपतीत गावी गेला होतास का विचारलं. त्याला गावाचं नाव सांगता आलं नाही. बायकोचंही नाही. त्याने इकडेतिकडे बघून मला हळूच विचारलं, माल आहे का तुझ्याकडे?

मोजून बघितलं माझ्याकडे काय उरलंय. एकच गोष्ट मी खुर्चीला सांगितली नाहीये. अबोलीला झोपवताना सांगतो ती, पालीच्या लग्नाची. मीच रचलेली. ती इतकी येडपट आहे की मॅडमसमोर सांगायची लाज वाटली होती. ती सांगायची नाही. काही झालं तरी नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी मासळीवाली आली तेव्हा गेट उघडं होतं. पळालो. कुणी मागेसुद्धा आलं नाही. बस मिळाली. कंडक्टरने विचारलं, कुठे?

कुठे!

घर आहे, घरात अबोली आहे, पण कुठे? या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, घाटकोपर. आत्ता वाचलं. कुणाच्या तरी गावाचं नाव वाचावं तसं वाटलं. बसमध्ये मात्र एकच ठिकाण लख्ख आठवत होतं, अंधेरीतली ती पावडरची गल्ली, ते शटर, किती वेळा ठोकायचं तेसुद्धा. ते मी खुर्चीला दिलंच नव्हतं ना. तिथलं तिकीट काढलं असतं तर संपलोच असतो. उतरलो आणि आपल्या पायांनी परत आलो. मॅडमनी चहा दिला. रागाने रडलो मी.

रविवार, २३ नोव्हेंबर

भेटीचा दिवस. मला वरच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी. खिडकीतून व्हरांडा दिसतो. ती आली, माझी बायको, आणि अबोली. आणि तिथे मी बसलो होतो.

माझा निळा शर्ट. दाढी केलेली. अंगाने भरलेला. टेबलावर ठेका वाजवून दाखवला त्याने, हळदीचा, एकही ठोका चुकला नाही. माझी बायको टाळी देऊन हसली. किती वर्षांत अशी हसली नव्हती.

मी काच बडवली, घसा फुटेस्तोवर हाक मारली. तिने वर बघितलं आणि मॅडमना काहीतरी विचारलं. मॅडमनी मान हलवली, बिचारा म्हणतात तशी.

अबोली त्याच्याजवळ गेली नाही. आईच्या मागे उभी राहिली. रिक्षात बसेपर्यंत वर बघत होती.

ते तिघं गेले. मॅडम वर येऊन म्हणाल्या, अभिनंदन, मिथुन घरी गेला.

मग मी कोण, विचारलं. म्हणाल्या, राहिलेलं.

शनिवार, ६ डिसेंबर

मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरे कपडे, दादरची गर्दी. त्याच्या एका हाताला म्हातारी. आई असावी. खांद्यावर पोरगी. मी ही तारीख कधी चुकवली नाही, एवढं माहीत आहे. तिथे का जातात ते आता

बायको ओढलेली नाही दिसत आता. गाल भरलेत. तो वेळेवर घरी येतो म्हणे. पगार घरी देतो.

याचा राग येतो. मग वाटतं, राग कशाचा — हेच तर तिला मी —

लवूबरोबर भांडी घासतो. दोघंही तेच विचारतो एकमेकांना. माल आहे का.

मंगळवार, ९ डिसेंबर

तो आला. दिवसाउजेडी, बसने. खुर्चीत बसला, माझ्यासमोर. नीट बोलला, अरेतुरे केलं नाही. म्हणाला, अबोली झोपत नाही हो. पालीच्या लग्नात पुढे काय झालं विचारते. मला येत नाही. म्हणते, तू पप्पा नाहीस.

हा हा! ओळखलं! माझ्या पोरीने ओळखलं! सगळे फसले, आई फसली, बायको फसली, पाच वर्षांची पोरगी नाही फसली!

त्याला म्हटलं, चल फूट. मर, पण सांगणार नाही.

बुधवार, १० डिसेंबर

परत आला. तिला ताप आहे. जेवत नाही. दाराशी जाऊन बसते. पप्पा येणार म्हणते.

मी म्हटलं, मला ने. म्हणाला, नेतो, चला. पण रस्त्यात अंधेरी लागेल. तुम्ही उतराल की नाही, खरं सांगा.

साला. साला.

म्हणाला, मी नाही उतरणार. मला ती गल्ली माहीतच नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ताप उतरत नाही. बायको मनमाडला जायचं म्हणते — तो पाया पडला माझ्या. माझाच चेहरा, माझ्याच पायाशी. खरंच रडत होता. जीव आहे त्याचा पोरीवर. असणारच. माझाच दिलेला.

चीड येते. कुणावर काढू. त्याची चूक नाही. तिची नाही —

लवूने दारातून बघितलं. काही उरलं असेल तर ठेव, म्हणाला. मग विचारलं, माल —

शनिवार, १३

सांगतो त्याला. समोर बसलाय. सांगता सांगता इथे लिहूनही घेतो, म्हणजे थोडी माझ्याकडे —

आमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहायची. तिचं लग्न ठरलं. नवरा वरच्या मजल्यावरचा. झुरळांनी मांडव घातला. आणि मग नवरी रुसून बसली, म्हणाली, वाजवायला — वाजवायला पप्पा हवेत, तरच मी —

कुणाचे पप्पा?

तो म्हणतो, पुढे. हळू सांगा. मग पोरगी म्हणते — इथे एक पोरगी हसायची, दरवेळी, इथेच — पांघरूण तोंडावर ओढून — तिचं नाव अ

तो म्हणतो, थँक्यू, पुढे काय. पुढे नवरी उठते आणि सगळे तिला

सगळे