निशाच्या गाण्यातला बैल

मी, अभिनव वैजनाथ ढोके, वय तेवीस, मूळचा हिंगणघाटचा, हल्ली राहणार मंडईमागच्या एका खोलीत, आज दवाखान्याच्या खाटेवर बसून, डोकं ठिकाणावर असताना (पोट नाही), कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की, उद्या सकाळी माझं अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "किरकोळ आहे." किरकोळ आहे, तर चार ठिकाणी सह्या कशाला घेतल्या? म्हणून हे मृत्युपत्र. मला मरायची अजिबात हौस नाही, हेही नमूद करतो.

१. घर, जमीन, दागिने: निरंक. गादी रूममेट विक्रमला. तसाही तोच तिच्यावर लोळतो.

२. कीबोर्ड बहीण नम्रताला. सोबतची वही तिने वाचावी, आईला दाखवू नये.

३. मी कॉलेज प्रेमभंगामुळे सोडलं, ही अफवा आहे. प्रेम कुणाला सांगितलंच नव्हतं, भंगणार काय? झालं असं की, सबमिशनच्या आदल्या दिवशी स्वारगेटला वर्गातली निशा म्हणाली, "ए, जरा दे ना, ऊन बघ किती आहे!" आणि माझं जर्नल डोक्यावर धरलं. खराडीची बस आली. निशा गेली, जर्नलही गेलं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "जर्नल कुठंय?"

"एका मुलीच्या डोक्यावर, सर."

"वा! मग मार्कही तिच्याकडूनच घ्या."

मी बाक लाथाडून बाहेर पडलो, तो कायमचाच. सदर सरांना मी माफ केलेलं नाही. मेलो तरी केलेलं नाही.

४. गाण्याबाबत. मी संतोषदादाच्या स्टुडिओत हळदीची, वाढदिवसाची गाणी लिहितो. गिऱ्हाईक नाव देतं, आम्ही ते गाण्यात घालतो. पण एक गाणं मी स्वतःसाठी लिहून रेकॉर्डही केलं होतं:

सावली पांघरून चालली गं निशा,
ऊन बिचारं उभंच राहिलं.

सावली म्हणजे ते जर्नल. ऊन म्हणजे मी. दादा मात्र गिऱ्हाइकांना सांगतो, "पोरगा नदीकाठी बसून लिहितो हो!" माझ्या माघारी त्याने ते विकायला काढलं. निशा पुसून आधी एका नवरीचं नाव घातलं, मग यमुनाबाईंच्या पंचाहत्तरीला त्यांचं. चालीत बसेना, तरी लोक नाचले. मग शर्यतीच्या बैलाचं. बैलाचं नाव सोनू. 'गं'चा 'रे' केला आणि चपखल बसलं. बैल पहिला आला, गाणं गावोगाव वाजलं.

५. गेल्या शनिवारी खराडीचा साईनाथ आला. निशाचा भाऊ. मला ओळखत नाही. म्हणाला, "दादा, आमच्या निशाची हळद हाय. त्ये सोनू बैलाचं गाणं पायजे. बैलाचं नाव काढा अन् तिचं टाका. तिनंच सांगितलंय, लय आवडतंय तिला."

मी हेडफोन भिंतीवर फेकला. दादा म्हणाला, "काय रे, बैलाला वाईट वाटेल म्हणून का?" तेवढ्यात पोटात कळ आली. तीन दिवस मी ती विरहाची समजून सोसली. चौथ्या दिवशी सोनोग्राफी केली.

६. काल रात्रीपर्यंत या कलमात माझी इच्छा होती की, हळदीच्या मांडवात माइकवर जाहीर करावं, गाणं कुणावरून सुचलं ते. नवऱ्यासमोर. विक्रम म्हणाला, "आणि मग ती काय करेल रे, हळद धुऊन तुझ्या वॉर्डात येईल?" त्याला शिव्या दिल्या. मग झोप लागली नाही.

सबब ती इच्छा रद्द. कुणीही काही जाहीर करू नये. मी जगलो तरी हे लागू राहील. संतोषदादाने नवीन रेकॉर्डिंग करू नये, माझ्या ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवरची पहिली फाइल द्यावी. त्यात तिचं नाव आधीपासूनच आहे. साईनाथने विचारलं, "एवढ्या लवकर कसं काय टाकलं?" तर सांगावं, नाव सोपं होतं.

ठिकाण: पुणे. १४ मे २०२५.
सही: अ. वै. ढोके

साक्षीदार:
१. विक्रम (शिव्या खाऊन सही करत आहे)
२. रंगनाथ, शेजारची खाट, हर्निया. मजकूर वाचला. पोराला आता झोपू द्यावं.