माइक कोणाच्या जागेवर ठेवायचा

प्रिय अहो,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. अशी हाक मी तुम्हाला कधी मारली नाही, आणि पत्र लिहायची वेळ तरी कुठे आली? सकाळी तुम्ही सिलतऱ्याला कारखान्यात जायचे, संध्याकाळी घरी. जे काही भांडण व्हायचं ते समोरासमोर. आजही भांडायचंच आहे, पण समोर तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. विषय तुमच्या आवडीचा आहे. टीव्हीखालची तुमची ती काळी पेटी, सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा तुमचा लाडका रिसीव्हर.

दमले हो मी त्याच्यापायी! तुम्हाला जाऊन चार महिने होत आले. शाळेतून यायचं, कुकर लावायचा, आईंची औषधं काढायची, आणि मग त्या पेटीपुढे उभं राहायचं. रिमोट तीन. एकाने टीव्ही लागतो, एकाने चॅनल बदलतं, एकाने आवाज. तुमच्या हातात ते तिन्ही असे फिरायचे की बघत राहावं. माझ्या हातात आले की प्रत्येक जण म्हणतो, तो मी नव्हेच.

आणि तो आवाजाचा आकडा! उणे चाळीस म्हणजे हळू, उणे वीस म्हणजे मोठा. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, उणे आकड्यांची मला भीती नाही. पण आवाज उणे कसा असतो, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. विचारलं की म्हणायचे, “तुले काय करायचं आहे? मी आहो ना!”

आहात का आता?

तुमच्या तेरवीला नागपूरची मंडळी आली, हॉलभर गाद्या पडल्या. झाडताना कोणीतरी सगळ्या स्पीकरच्या तारा ओढून काढल्या. पाहुणे गेल्यावर आपल्या निखिलने त्या परत जोडल्या आणि सगळं सेटिंग नव्याने केलं. पेटीबरोबर आलेला तो छोटा माइक त्याने शोधून काढला. मला समजावून सांगितलं की मशीन एकेका स्पीकरमधून आवाज काढतं, माइक तो ऐकतो, आणि माइक जिथे ठेवला असेल त्या जागेवर चांगलं ऐकू येईल असं मशीन ठरवतं. कोणता स्पीकर किती मोठा, कोणता किती लांब, सगळं.

माइक त्याने तुमच्या खुर्चीवर ठेवला. खाली उशा रचल्या, हाताने उंची बघितली, अजून एक उशी ठेवली. म्हणाला, “पापा का कान यहाँ तक आता था, मम्मी.” एवढं म्हणून तो पाठ फिरवून तारा बघायला लागला. तुमच्या खुर्चीत आम्ही कोणी बसत नव्हतो. पंखा दुरुस्त करायला माणूस आला, तो बसायला गेला तर निखिल एकदम म्हणाला, “भैया, उसमें नहीं.” बिचारा उभाच राहिला.

त्या दिवसापासून आईंना ऐकू येईना.

त्यांची जागा तुम्हाला माहीत आहे, खिडकीजवळचा लाकडी तखत. गुडघ्यांमुळे त्यांना दुसरीकडे कुठे बसवत नाही. संध्याकाळचं कीर्तन आणि त्यानंतरची ती मराठी मालिका, एवढंच त्यांचं मागणं. तुम्ही गेल्यावर तर तेवढंच उरलं होतं. नातू आजीचं सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. मी शाळेतून येईपर्यंत त्यांच्याशी मराठीत बोलणारं घरात कोण आहे?

पहिल्या दिवशी म्हणाल्या, “सुधा, हे लोकं काहून कुजबुजून राहिले?” मी आवाज वाढवला. तशी मालिकेतली ती ढणढण अंगावर आली. आतून निखिल ओरडला, “मम्मी, कम करो ना, कॉल पे हूँ!” त्याचं ऑफिस नव्या रायपुरात, पण अर्धं ऑफिस आपल्या घरातच भरतं. मी आवाज कमी केला. आई म्हणाल्या, “मले तं नुसते ओठच दिसून राहिले.” परत वाढवला. रोज हेच. संवाद आला की वाढव, संगीत आलं की कमी कर. रिमोट हातात धरून मी हॉलमध्ये उभी, आणि गॅसवर भाजी करपलेली.

मग आईंनी सांगणंच सोडलं. ते मला उशिरा लक्षात आलं. एकदा केस विंचरून देत होते तर म्हणाल्या, “माझा पोरगा गेला अन् माझे कान घेऊन गेला.”

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, वयाप्रमाणे थोडं कमी झालं आहे म्हणाले, मशीन दिलं. आईंनी ते लावून पाहिलं, “कानात किडा भिनभिनते” म्हणाल्या आणि डबीत घालून ठेवलं. हळूहळू हॉलमध्ये यायच्या बंद झाल्या. ताट खोलीत मागायला लागल्या आणि त्यातली अर्धी पोळी परत यायला लागली. ब्राह्मणपाऱ्यातली त्यांची जुनी मैत्रीण भेटायला आली होती. एरवी त्या दोघी बसल्या की तिसऱ्याला तोंड उघडायची सोय नाही. त्या दिवशी आई नुसत्या “हव, हव” म्हणत बसल्या. मैत्रिणीने विचारलं, जेवण जाते का, तरी हव. झोप येत नाही का, तरी हव. मी चहा घेऊन तिथेच उभी होते. खरं सांगू? मला वाटलं, या आता तुमच्या मागे निघाल्या. आणि मला दुसऱ्यांदा ते सगळं करायची ताकद नाही हो.

आज रविवार. दुपारी जेवण झाल्यावर निखिल म्हणाला, “मम्मी, हटा देते हैं इसको. पापा के बिना किसी काम का नहीं है.” मी म्हटलं, ने. मला तर सुटल्यासारखं झालं. तो खोक्यात एकेक वस्तू भरत होता. एवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन खोलीबाहेर आल्या. निखिलच्या हातातला माइक बघून थांबल्या.

“हे तं माह्या उशीवरचं आहे,” त्या म्हणाल्या.

मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, तुमच्या कोणत्या उशीवरचं?

“अवं, तू घरी नसली का तो मले उठवे. म्हणे, आई, जराशी देवघरात बस. मंग माह्या जागेवर लोड ठेवे, त्याच्यावर उशी, अन् त्याच्यावर हे काळं. अन् म्हणे, गप बसजो, बोलू नको. मले गप बसवाची त्याले भारी हौस!”

“पापा की कुर्सी पे नहीं रखते थे, दादी?”

“त्याच्या खुर्चीवर काहून ठेवन? त्याचे कान तं धड होते.”

अहो! माझ्याशी इतका मोठा खोटेपणा? सोफ्यावर बसले की मागच्या स्पीकरमधलं गाणं माझ्या एकाच कानात शिरायचं. मी कितीदा म्हटलं, हे कसलं तुमचं होम थिएटर, सगळं एकीकडे कललेलं! आणि तुम्ही गंभीर तोंड करून म्हणायचे, “कंपनीचं सेटिंगच असं आहे.” कंपनीचं कसलं? तुमचं होतं ते. अख्खा हॉल तुम्ही त्या तखतावर नेऊन ठेवला होता.

आईंना उघड का नाही सांगितलं, ते मला कळतं. ऐकू कमी येतं असं मुलाने तोंडावर म्हटलेलं त्यांना सोसलं नसतं. पण मला? मला सांगायला काय झालं होतं? एका वाक्याचं काम होतं. तुम्ही बोलला नाहीत आणि इथे आम्ही एका ऐकू येणाऱ्या बाईला तीन-साडेतीन महिने बहिरी करून ठेवलं. तुमच्या रिकाम्या खुर्चीला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं आणि तुमची आई आत अंधारात बसून होती. याचा राग यायला नको का मला?

निखिलने लगेच खोकं उलटं केलं आणि सगळं परत जोडलं. तखतावर लोड, लोडावर उशी, उशीवर माइक. पंखा बंद, फ्रिज बंद, आई देवघरात. मशीन एका स्पीकरमधून फुस्स करून आवाज काढायला लागलं. दुसऱ्या स्पीकरच्या वेळी आईंनी आतून विचारलं, “झालं का रे?” बोलण्याचा आवाज आला म्हणून मशीन रुसलं, पहिल्यापासून सुरू करा म्हणालं. परत केलं. परत आई, “अजून नाही झालं?” शेवटी निखिल आत जाऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. आईंनी त्याचा हात धरला, आणि काय आश्चर्य, दोघंही गप्प बसले. मग टीव्हीखालचा तो मधला स्पीकर, ज्यातून माणसांचं बोलणं येतं, तो मी स्वतः थोडा वाढवला. कोणालाही न विचारता!

आई तखतावर येऊन बसल्या. त्यांच्या मालिकेचा जुना भाग लागला होता. थोडा वेळ मान कलती करून, डोळे बारीक करून बघत होत्या. मग मान सरळ झाली. मालिकेतली सून सासूला काहीतरी थाप मारत होती. आई एकदम म्हणाल्या, “खोटारडी कुठची!” आणि माझ्याकडे वळल्या. “सुधा, आवाज कमी कर थोडा. मी का बहिरी आहो?”

निखिल हसता हसता खाली बसला. मी पण हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. तुम्ही गेल्यावर असं पोटभर रडायला आजच जमलं. आधी कामंच संपत नव्हती.

संध्याकाळी आईंनी ताट हॉलमध्ये मागितलं. पोळी पूर्ण खाल्ली, वर भाजीत मीठ कमी आहे हेही ऐकवलं.

त्या कीर्तन ऐकत होत्या तेव्हा मी तुमच्या खुर्चीत जाऊन बसले. मुद्दामच. आणि अहो, काय सांगू तुम्हाला! तिथे काहीच धड ऐकू येत नाही. तो मोठा बासचा डबा पायाशी नुसता घुमतो, मागचा स्पीकर एका कानात ओरडतो, आणि कीर्तनकार शेजारच्या घरात बोलत असल्यासारखे वाटतात. हे तुम्ही ऐकत होता? रोज? पोटावर रिमोट ठेवून, डोळे मिटून “वा, काय साउंड आहे!” म्हणायचे, ते याला? आणि मी उगाच समजत होते की घरातली सगळ्यात चांगली जागा तुम्ही पटकावली आहे.

खूप आठवण आली तुमची. रागही गेला नाही. दोन्ही घेऊन बसून राहिले.

एक वचन देते. तुमच्यासारखी गुपचूप माया मी करणार नाही. ती माणसाबरोबर निघून जाते आणि मागच्यांच्या हाती लागत नाही. मी कोणासाठी काही केलं तर बोलून दाखवीन, निदान एकाला तरी सांगून ठेवीन. थकले तरी सांगीन. सुरुवात आजच केली. रात्री आमच्या पोळ्या करताना निखिलला म्हटलं, बेटा, मी फार दमले आहे रे. तो मग म्हणाला, “बताया क्यों नहीं, मम्मी?” आणि माझ्या हातातलं पोळीचं पीठ त्याने काढून घेतलं. पोळ्या कशा झाल्या ते विचारू नका.

आणि तुमची खुर्ची आता रिकामी राहणार नाही. तिथे मी बसत जाईन. मला नाही ऐकू आलं तरी चालेल.

तुमची,
सुधा