हवेच्या यंत्राबाबत आणि गंगम्माच्या जाण्याबाबत

गेल्या सोमवारी माझे धाकटे दीर बंडप्पा सोलापूरच्या एका भंगारवाल्याला घेऊन मागच्या शेडात शिरले आणि त्या माणसाने माझ्या मुलाच्या यंत्रावर खडूने फुली मारली. मी घरातच होते. मला कोणी विचारले नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझे हृदय थकले आहे, फार दिवस धरू नयेत, असे सांगितले होते. या दोन गोष्टींमुळे हे लिहिणे भाग पडले. यांपैकी एकच घडली असती तर मी थांबले असते.

सबब मी, नीलम्मा कोम सिद्रामप्पा शेटगार, वय एकोणपन्नास, पूर्वी मुलींच्या शाळेत शिक्षकीण, राहणार मुरूम, तालुका उमरगा, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावला की नजर चांगली आहे आणि कोणी माझा हात धरून हे लिहून घेतलेले नाही. निजामाच्या कचेरीची भाषा उर्दू असल्यामुळे वकिलांनी याला तर्जुमा जोडावा. तर्जुमा आणि ही मराठी यांत फरक पडला तर ही मराठी खरी मानावी. तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या कॉलेजात मी मराठीत पहिली आले होते. मला काय म्हणायचे होते याबद्दल मागाहून कोणी वाद घालू नये, एवढ्यासाठी ते नमूद केले.

कलम १. राहते घर. घर माझ्या सासऱ्यांचे. सोमलिंग, माझा एकुलता मुलगा, मूलबाळ नसताना गेला, म्हणून ते बंडप्पांकडे जाईल. त्याला माझी हरकत नाही. मी जिवंत असेपर्यंत मात्र माझ्या दोन खोल्या आणि मागची शेड यांना त्यांनी हात लावू नये. माझी छत्री मी बंडप्पांना देते. न विचारता ती इतकी वर्षे वापरली, आता हक्काने वापरावी.

कलम २. शिल्लक. शिक्षकिणीच्या पगारातून जे पोस्टात साठले आहे, त्यातून माझी माती करावी आणि उरलेले मुलींच्या शाळेला द्यावे. शाळेने त्यातून पाण्याचा हौद बांधावा. हौदावर माझे नाव घालू नये. मुली पाणी पिताना दगड वाचत नाहीत.

कलम ३. माझी माती. आमच्या रीतीप्रमाणे मला बसवून पुरावे, सोमलिंगच्या शेजारी, त्याच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला त्याचे वडील आहेत. रडण्यासाठी लांबून कोणाला बोलावू नये.

कलम ४. हवेचे यंत्र. हे कलम लांबेल.

हे यंत्र म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारा जुना पंप आहे. मिस्त्री लोक त्याला काम्प्रेशर म्हणतात, आमच्या गल्लीत हवेचं इंजान. सोलापूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात ते बोरीच्या झुडपात पडले होते. सोमलिंगने पाहिले आणि घरी येऊन जेवला नाही. मी माझ्या पगारातून ते घेऊन दिले. पावती माझ्या नावाची आहे आणि या कागदाला जोडली आहे. शेटगारांच्या घरचा पैसा त्यात नाही, हे बंडप्पांनी दोनदा वाचावे.

नळदुर्गच्या अलीकडे करोडगिरीच्या नाक्यावर गाडी अडवली. इंग्रजी मुलखातून निजामाच्या मुलखात काहीही आणले तरी जकात पडते. जमादाराने विचारले, "इससे क्या बनता है?" सोमलिंग म्हणाला, "हवा." जमादार बराच वेळ त्या लोखंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मियाँ, हवा तो यहाँ मुफ्त है." तेवढीच काय ती सूट मिळाली.

पंपाचे दट्टे गंजून नळ्यांत धरले होते. सोमलिंगने ते रॉकेलमध्ये भिजत ठेवले, लाकडाच्या ठोकळ्याने रोज थोडे थोडे ठोकले आणि पावसाळा संपता संपता सोडवले. नळ्या आतून घासल्या, दट्ट्यांवरच्या कड्या नव्या घडवून घेतल्या, झडपांच्या पातळ चकत्या काचेवर घासून सपाट केल्या. टाकी रिबिटांनी सांधलेली, जुनी. ती तशीच ठेवली. महबूबसाब मिस्त्री गावातल्या कापसाच्या जिनिंगमधले काम संपवून त्याच्या मदतीला येत. माझ्या शाळेतल्या मुलींना मी जे शिकवू शकले नाही, ती चिकाटी मी त्या शेडात पाहिली. त्याला तसे बोलून दाखवले नाही. पुढच्या वैशाखात गंगम्मा लग्न होऊन या घरात आली. ती आळंदकडची, घरी कानडी बोलणारी. ती मला अत्ती, म्हणजे सासू, म्हणते.

कलम ५. सोमलिंगच्या मृत्यूबाबत. या कलमाचा पहिला मजकूर मी खोडला आहे. का खोडला ते लिहिते, म्हणजे खाडाखोडीवरून कोणी संशय घेणार नाही.

मी प्रथम लिहिले होते की टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून अडकला होता, म्हणून टाकी फुटली. काल दोन्ही साक्षीदारांसमोर, महबूबसाब आणि आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर आण्णासाहेब यांच्यासमोर, मी हा कागद वाचून दाखवला. गंगम्मा दाराशी उभी होती. या कलमाशी आल्यावर ती आत आली.

"अत्ती, हे खोटं हाय."

मी म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?"

"टाकी फुटल्यावर तो व्हॉल्व्ह म्या साफ केलाय. तुमीच दिला होता माझ्या हातात. त्यात गंज नव्हता. आतली बैठक आरशावानी होती."

महबूबसाब जमिनीकडे बघत होते. मी त्यांना विचारले, "मिस्त्री, तुम्ही सांगा."

ते म्हणाले, "बाई, मला कायको विचारता? ती बराबर बोलती."

आण्णासाहेब म्हणाले, "पोरी, बाईंनी तुझ्यासाठीच लिहिलंय ते. राहू दे की. कुणाचं काय बिघडतं?"

"माझं बिघडतं," गंगम्मा म्हणाली. "लोक म्हणतात ते म्या ऐकलंय. ते घेऊन जगता येतं मला. खोटं घेऊन न्हाय जगता येत. अत्ती, जसं झालं तसं लिहा."

म्हणून जसे झाले तसे लिहिते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे आणि यंत्रे पुजतात. सोमलिंगचे यंत्र त्या वर्षी पहिल्यांदाच पूजेला मांडले होते. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापुरात होते, म्हणून पूजा गंगम्माने केली. टाकीच्या माथ्यावर सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी असते. टाकीत हवा जास्त झाली की ती दांडी आपोआप वर उचलली जाते आणि हवा बाहेर पडते. गंगम्माला ते यंत्राचे डोके वाटले. तिने त्या दांडीला हळदीत भिजवलेला दोरा पदरावर पदर घेऊन बांधला, खाली टाकीच्या नळाशी आवळला, वर खण आणि झेंडूचा हार घातला. आमच्यात पूजेचा दोरा हाताने सोडत नाहीत. आपोआप गळून पडेपर्यंत तो ठेवायचा असतो.

दसऱ्यानंतर जिनिंगच्या लोखंडी फाटकाला फवाऱ्याने रंग देण्याचे काम सोमलिंगने घेतले होते. यंत्राचे ते पहिले काम. पंप पट्ट्याने फिरवणारे घरचे तेलाचे इंजिन चालू करण्यापूर्वी महबूबसाब म्हणाले, "भैया, वो धागा निकालो." सोमलिंग म्हणाला, "राहू द्या, मामू. तिनं पहिल्यांदा बांधलाय. म्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवतो, भरलं की इंजान बंद करतो." महबूबसाब पट्ट्याला राळ लावायला इंजिनाकडे गेले. सोमलिंग फाटकाकडे तोंड करून रंग मारत राहिला. रंग चांगला बसत होता, असे महबूबसाब सांगतात. काट्याकडे त्याने पाहिले नाही. टाकी तळाशी फुटली आणि पत्रा त्याच्या पाठीला लागला.

दोऱ्याने दांडी धरून ठेवली. दोरा गंगम्माने बांधला. दोरा कशासाठी बांधतात हे तिला माहीत होते, दांडी कशासाठी असते हे तिला कोणी सांगितले नव्हते. सोमलिंगला दोन्ही माहीत होते. तो माझा मुलगा होता आणि मला त्याची चूक लिहायला लागते आहे. त्याने बायकोचे मन राखले. मी त्याला तेवढे एक शिकवले नसते तर तो आज जिवंत असता, असेही मला वाटते आणि मग तसे वाटल्याचा रागही येतो.

गंगम्माला माफ करावे असे काही नाही. म्हणून मी माफ केले असे लिहीत नाही.

कलम ६. त्यानंतरचे काम. दिवस झाल्यावर बंडप्पा म्हणाले, "वैनी, पांढऱ्या पायाची हाय ती. तिला माहेरी धाडा आणि ते लोखंड विका. लढाईनं लोखंडाला भाव आणलाय." मी दुसऱ्या दिवशी सकाळी गंगम्माला म्हणाले, "लुगडं खोच आणि शेडात चल." ती उंबऱ्यातच बसली. पुढचे कितीतरी दिवस तिथेच बसली. मी एकटीच नटबोल्ट सोडवत राहिले. बोटांची सालटी निघाली. एक दिवस तिने माझ्या हातातला पाना घेतला.

फुटलेली टाकी गेली, पंप वाचला होता. जिनिंगमधून दुसरी जाड टाकी मिळवली. ती आधी पाण्याने गच्च भरून दाबावर तपासली, कारण पाणी भरलेली टाकी फुटली तर नुसती ओली करते. मुरूमच्या उन्हाळ्यात तेवढे पाणी खालच्या विहिरीवरून गंगम्माने डोक्यावर आणले. विहिरीवर बायका बोलायच्या ते मला ती सांगत नसे. घागर ठेवण्याच्या आवाजावरून मला कळे. हवा कुठे गळते ते बघायला साबण मिळत नव्हता, तर तिने रिठ्याचा फेस सांध्यांना लावला. कुठे बुडबुडा येतो ते तिला माझ्या आधी दिसे. पौष महिन्यात यंत्र चालले. व्हॉल्व्ह दाबावर उचलला गेला आणि मोठा आवाज झाला, तेव्हा ती बाहेर पळाली आणि मीही पळाले. मग दोघी परत आत आलो. आता ती एकटी ते चालवते, उघडते आणि जोडते. मला दट्ट्याच्या कड्या अजून नीट बसवता येत नाहीत.

कलम ७. गंगम्माच्या जाण्याबाबत. उमरग्याचे विरुपाक्ष, मोटारीचे ड्रायव्हर, बायको वारलेली, यांनी गंगम्माला उडकीसाठी मागणी घातली आहे. विधवेचे दुसरे लग्न, म्हणजे उडकी, आमच्या समाजात चालते. पण रीत अशी की ती बाई पहिल्या नवऱ्याच्या घरचे काही नेत नाही, अंधार पडल्यावर मागच्या दाराने जाते आणि पहिल्या नवऱ्याची आई त्या नव्या घरी कधी पाऊल ठेवत नाही. गंगम्मा आधी नाही म्हणाली. मी म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नकोस. मी थांबणारी नाही." तेव्हा ती रडली, आणि दोन दिवसांनी हो म्हणाली.

रीतीच्या या तीन गोष्टींपैकी दोन मी मोडते. यंत्र माझे आहे, ते मी गंगम्माला देते. तिने ते चालवावे, भाड्याने द्यावे, विकावे किंवा विहिरीत टाकावे, तिची मर्जी. विरुपाक्ष यांचा त्यावर हक्क नाही, हे त्यांना समोर बसवून सांगितले आहे आणि ते म्हणाले, "बाई, मला तर ते बघून भीती वाटते." मला माणूस बरा वाटला. दुसरे, गंगम्मा दिवसाउजेडी पुढच्या दाराने जाईल.

तिसरी मोडत नाही. मी तिच्या घरी गेले तर नवीन नात्यावर जुने सुतक पडेल असे तिच्या नव्या सासूला वाटेल, आणि तिने ते ऐकत जगावे असे मला वाटत नाही. मी मेल्याचा निरोप तिला पाठवावा. येणे न येणे तिच्यावर सोडावे.

कलम ८. महबूबसाब साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. मी त्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, "बाई, मला काय देता? चहा द्या." तो दिला.

येथे माझे म्हणणे संपले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर करण्याइतका वेळ असेल असे वाटत नाही.

नीलम्मा कोम सिद्रामप्पा शेटगार, सही दस्तुरखुद्द.

साक्षीदार: आण्णासाहेब, निवृत्त हेडमास्तर, मुरूम.
साक्षीदार: महबूबसाब मिस्त्री, मुरूम. सही उर्दूत.

मुक्काम मुरूम. माघ वद्य पंचमी, शके १८६८. फेब्रुवारी १९४७.

सुपूर्द केल्याची नोंद

मी मेल्यावर कागद एकीकडे आणि लोखंड दुसरीकडे असे होऊ नये म्हणून कब्जा आजच द्यावा, असा वकिलांचा सल्ला पडला. त्याप्रमाणे आज सकाळी उन्हे आल्यावर गंगम्माला दिले:

पंप, चाकासह. टाकी, काटा व सेफ्टी व्हॉल्व्हसह. चामडी पट्टा. रबरी नळी आणि रंगाचा फवारा. पाने व हातोडे, सोमलिंगच्या पेटीसह. झडपा घासण्याची काच. रिठे, एक गाडगे भरून.

इंजिन बंडप्पांच्या सामाईकीतले आहे, ते शेडातून काढून त्यांच्याकडे दिले. गंगम्मा म्हणाली, "इंजान मिळंल कुठंबी." बैलगाडीत माल महबूबसाबांनी चढवला. बंडप्पा ओट्यावर उभे होते. त्यांनी विचारले, "काय काय नेतीस गं?"

ती म्हणाली, "माझं यंत्र नेते, मामा." आणि त्यांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हेही नोंदवते.

माझ्या पाया पडायला ती वाकली तेव्हा मी तिला पट्टा कोरडा ठेवायला सांगितले. आणखी काही सांगायचे होते. तिला घेऊन गाडी पुढच्या दाराने, बाजाराच्या रस्त्याने उमरग्याकडे गेली.

घेणारीची सही: गंगम्मा.
देणारीची सही: नीलम्मा.

शेड झाडून घेतली. आता आत काही नाही, म्हणून कुलूप लावले नाही.