एका बटणाची डबी

प्रिय टिटवी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून मारून गोल केलेलं हे अक्षर अजून तसंच आहे, फक्त ओळी जरा उताराला लागल्यात. फोन करता आला असता. तीनदा नंबर लावला आणि पहिली रिंग वाजायच्या आत ठेवून दिला. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हे आपलं शाळेपासून चालत आलंय, आणि आज मला मध्ये कुणी न बोलता शेवटपर्यंत पोचायचंय. सकाळपासून ह्या कागदावरून चार वेळा उठले. एकदा कुंड्यांना पाणी घातलं, मग घातलंय हे विसरून पुन्हा घातलं. आमचे हे पेपराआडून म्हणाले, "झाडांना पोहायला शिकवतेयस का?" तेव्हा मी तिसऱ्यांदा झारी भरत होते, म्हणजे बघ माझी काय अवस्था आहे.

आधी बातमी सांगते. येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या भागातल्या ग्रंथालयाच्या नव्या हॉलचं उद्घाटन आहे आणि तिथे मी सोलो वाजवणार आहे. हो, मीच. हसून झालं की पुढे वाच. निवृत्त झाल्यावर मी माळ्यावरची बेस गिटार खाली काढली हे तुला माहीत आहे. छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, म्हटलं आता थोड्या स्वतःच्या करू. तर आमचा तिघांचा बँड आहे. एक दंतवैद्य गिटार वाजवतात, भूगोलाच्या एक बाई ड्रम्स बडवतात आणि मी चार जाड तारांचा घुमारा देत मागे उभी असते. तिघांची वयं मिळवली तर पावणेदोनशे भरतात. मागच्या महिन्यात दंतवैद्य म्हणाले, "ताई, चार वर्षं तुम्ही आम्हाला सावरून धरलंत. ह्या गाण्यातले मधले सोळा बार तुमचे. आम्ही मागे राहतो." सोळा बार म्हणजे चार-चार ठोक्यांचे सोळा तुकडे, अर्ध्या मिनिटाचं काम गं. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे आणि जेवताना मी टेबलावर बोटं वाजवते.

पहिल्या तालमीला गंमत झाली. माझी जागा आली, मी वाजवलं, जीव ओतून वाजवलं, आणि संपवून उभी राहिले. दंतवैद्य अजून वाट बघत होते. म्हणाले, "करा ना ताई सुरू." मी म्हटलं, "झालं." भूगोलाच्या बाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली काडी खाली पडली. मग दंतवैद्यांनी, दाढ काढायच्या आधी बोलतात त्या आवाजात, समजावलं की बेसचा सोलो बुडतोच. खालचा आवाज ड्रम्सच्या धडधडीत मिसळतो, वरच्या सुरांत गेलं की तारा बारीक बोलतात. त्यावर उपाय म्हणजे क्लीन बूस्ट नावाची पायाशी ठेवायची डबी. एरवी ती काही करत नाही. सोलोची वेळ आली की पाय दाबायचा, आवाज तेवढ्यापुरता मोठा होतो. बाकीच्या डब्यांसारखी ती सुराला खरखर देत नाही, घुमवत नाही, रंगवत नाही. जसा आहे तसाच, फक्त मोठा. मला हे वर्णन फार आवडलं. आपल्या शाळेत अशी एखादी डबी असती तर, असं वाटलं.

मग मी ती डबी शोधायला निघाले, आणि तिथून माझी ही तगमग सुरू झाली. निवृत्तिवेतनात बसेल अशीच घ्यायची हे आधीच ठरवलेलं. पहिल्या दुकानात विक्रेत्याने विचारलं, "आजी, नातवाला कुठली हवीय?" मी म्हटलं, "नातू अजून दोन्ही पायांवर उभा राहत नाही, मलाच हवीय." तो इतका ओशाळला की त्याने सगळ्यात महागडी काढली, तिला सहा बटणं. आमचे हे बरोबर होते. ते हळूच म्हणाले, "विमान उडवायचंय की गाणं वाजवायचंय?" दुसऱ्या दुकानातली स्वस्त होती, ती घरी आणून लावली तर जाड तारेचा आवाज सर्दी झाल्यासारखा यायला लागला. ती साध्या गिटारसाठी केलेली, खालचे सूर तिच्यातून गळून पडायचे. ती परत केली. तिसरी आवडली, पण घरी आल्यावर वाटलं की नको. तीही परत केली. दुकानदार मला बघून आता शटर ओढायचे बाकी आहेत. खरं सांगू, दोष डब्यांचा नव्हता. प्रत्येक डबी लावली की मी वाजवायला सुरुवात करायचे आणि मध्येच वायर उपटून टाकायचे. ती भीती ओळखीची होती.

तुला गायनाचा वर्ग आठवतो? लाकडी पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभं करायचे. तू पुढे, मी सगळ्यात मागे भिंतीला टेकून, म्हणून तू मला खांब नाव ठेवलंस. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सिस्टर शेवटच्या रांगेत आल्या, माझ्या तोंडाजवळ कान नेला आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाळ, तुझा आवाज फार खालचा आहे. उद्या तू नुसते ओठ हलव. आवाज नको." त्या वाईट नव्हत्या गं. नंतर त्यांनी मला गोळी दिली, लिमलेटची. मी सहा वर्षं ओठ हलवले. इतके सुरेख हलवायचे की बक्षीससमारंभात एका पालकांनी येऊन माझं कौतुक केलं होतं. तुला मी हे कधीच सांगितलं नाही. तुला वाटायचं, आपण दोघी गातोय.

म्हणून तर कॉलेजात तू गिटार घेऊन गायला लागलीस तेव्हा मी बेस धरली. त्यात तोंड उघडावं लागत नाही आणि मागे उभं राहता येतं. आणि दादा होता. तुझा सख्खा भाऊ, माझा नुसता म्हणायचा, पण मला दुसरा कुठे होता? आपलं सामान तो उचलायचा, वायरी तो जोडायचा, आणि हॉलच्या मधोमध टेबल टाकून सगळ्यांचे आवाज कमीजास्त करणाऱ्या त्या मिक्सरपाशी बसायचा. आपल्या प्रत्येकीच्या वायरीसाठी तिथे एक बटण आणि एक थरथरता काटा. मी एकदा विचारलं होतं, "सारखा काट्यांकडे काय बघतोस?" तर म्हणाला, "चेहरे खोटं बोलतात, काटे बोलत नाहीत." वीस वर्षांच्या मुलीला असली वाक्यं फार थोर वाटतात.

काल मी चौथ्या जागी गेले. दुकान नाही ते, एका जिन्याखालची खोली आहे. आपल्याच वयाची एक बाई तिथे वाद्यांची दुरुस्ती करते. डोळ्यांवर जाड भिंग, हातात डाग द्यायची तापलेली सळई. तिने डब्या दाखवल्याच नाहीत. डॉक्टरसारखं विचारलं, "काय त्रास होतो?" मी म्हटलं, "सोलो ऐकू येत नाही." म्हणाली, "वाजवा." मी वाजवलं. तिने फळीवरून एक जुनी, पोपडे उडालेली डबी काढली. एकच बटण. म्हणाली, "ही घ्या, तुमच्या जाड तारेला पचेल. आणि घरी बसून बटण लावू नका, घरी सगळेच पहिलवान असतात. ड्रम्स चालू असताना लावा. तुमचा अँप, तो आवाजाचा खोका, आधीच शेवटपर्यंत नेऊन ठेवू नका, वर थोडी जागा सोडा, नाहीतर डबीला वाढवायला काही उरणार नाही." इतकं सरळ आतापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. मग तिने मला पुन्हा वाजवायला लावलं आणि मध्येच सळई खाली ठेवली. "बाई, तुमची करंगळी बघा कुठे जाते."

मी बघितलं. सोलो सुरू झाला की माझ्या उजव्या हाताची करंगळी गिटारवरच्या आवाजाच्या बटणाकडे सरकत होती आणि ते हळूहळू खाली फिरवत होती. मला न विचारता. ती म्हणाली, "ही डबी दुप्पट करेल, तिप्पट करेल. पण आधी काहीतरी आत यायला हवं ना? शून्याची तिप्पट किती?" मी गणितात बक्षीस मिळवलेली मुलगी. म्हटलं, "शून्य." ती हसली. मी नाही हसले. मी तिला विचारलं, "समजा, कुणी स्टेजवर बटण पार शून्यावर नेलं आणि नुसती बोटं चालवली, तर कुणाला कळतं?" तिने मान हलवली. "लोकांना नाही कळत. त्यांना वाटतं वायर गेली, नाहीतर मिक्सरवाला झोपला. मिक्सरवाल्याला मात्र कळतं. वायर खरंच गेली तर ती करकरते, गुणगुणते, काटा काहीतरी उडतो. बटण शून्यावर असलं की काटा नुसता पडून असतो. मेल्यासारखा." मी डबी घेतली, सुट्टे पैसे घ्यायला विसरले, आणि रस्त्यावर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

आता तुला सगळं आठवत असेलच. कॉलेजांच्या बँडची ती स्पर्धा. अंतिम फेरी. आठ बार माझे, तूच हट्टाने मला दिलेले. तू माइकवर ओरडलीस, "आणि आता आमचा खांब!" आणि खांबाची बोटं चालू होती आणि हॉलमध्ये गिटारचा जराही आवाज नाही. चौथ्या बाराला तू माइकवरच म्हणालीस, "दादा, झोपलास का रे?" सगळा हॉल हसला. दादा उभा राहिला आणि टेबलावरच्या वायरी उगाच हलवायला लागला. आपण हरलो. घरी तुझे बाबा त्याला म्हणाले, "साधं एक बटण वर करता येत नाही तुला." त्यानंतर त्याने मिक्सरला हात लावला नाही. वजनमापं तपासण्याच्या खात्यात चिकटला आणि उभं आयुष्य दुकानादुकानांतून तराजूंचे काटे बघत फिरला. आणि तुमच्या घरात ती थट्टा बेचाळीस वर्षं चालू आहे. रेडिओ लावायचा असला तरी, दादाच्या हातात बटण देऊ नका. मागच्या महिन्यात तू फोनवर सहज म्हणालीस, "दादाला कानाचं यंत्र बसवलं एकदाचं. तेव्हाच बसवायला हवं होतं, तुझा सोलो तरी वाया गेला नसता." आणि हसलीस. आणि टिटवी, मीही हसले.

बटण मी फिरवलं होतं. सोलोचा पहिला सूर वाजायच्या आधीच. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले आणि मला सिस्टरांचा कान माझ्या तोंडाजवळ आल्यासारखा वाटला. मी ओठ हलवले, एवढंच. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की दादाला वाटलं असेल वायर खराब होती, त्यालाही खरं कारण माहीत नाही, मग सांगून काय उपयोग. पण काल त्या पायरीवर मला एक गोष्ट लख्ख आठवली. स्पर्धेनंतर मागच्या खोलीत तू रडत होतीस आणि दादा सामान आवरत होता. त्याने माझी गिटार पेटीत ठेवली. झाकण लावायच्या आधी अंगठ्याने ते बटण शून्यावरून वर फिरवलं, पार वरपर्यंत, आणि माझ्याकडे न बघता कुलूप लावलं. मला तेव्हा वाटलं, धूळ पुसतोय. तो माझी खूण पुसत होता गं, तुझ्या हाती लागू नये म्हणून. त्याने काटा बघितला होता. पहिल्या बारापासून त्याला माहीत होतं. तरी तो उभा राहून वायरी हलवत राहिला.

शाळेत कन्फेशनच्या, पापं कबूल करायच्या, त्या लाकडी खोलीत जायला आपल्याला मनाई होती, म्हणून आपण दाराला कान लावायचो. आत काय सांगतात, ह्याची केवढी उत्सुकता. आता कळलं, फार काही सांगत नसतील, एखादं वाक्यच असेल आणि ते सांगायला बेचाळीस वर्षं लागत असतील. तू रागावशील. रागाव, तुझा हक्क आहे, माइकवरून रागावलीस तरी चालेल. पण आधी हे पत्र दादाला मोठ्याने वाचून दाखव, त्याचं यंत्र कानात आहे ना ते बघून. आणि शनिवारी त्याला घेऊन ये. हॉलच्या मधोमध मिक्सरचं टेबल असेल, मी ग्रंथपालबाईंना सांगून त्याच्यासाठी तिथेच खुर्ची मागून घेतली आहे. करंगळीला मी आत्ताच चिकटपट्टी गुंडाळून बघितली, तिला बटण फिरवता येत नाही. डबी पायाशी असेल. ऐकू आलं तर ठीकच, नाही आलं तरी दादाला म्हणावं, माझ्याकडे बघू नकोस. काट्याकडे बघ.

तुझीच, आणि थोडी त्याचीही,
खांब